बंदी इथे, मानके तिथे

४ मे २०१६ हा दिवस तंबाखू नियमनाच्या इतिहासात एका योगायोगासाठी नोंदवून ठेवण्याजोगा आहे. त्या दिवशी लक्झेम्बर्ग येथील युरोपीय न्यायालयाने तंबाखूविषयक तीन प्रकरणांचे निकाल एकदम दिले. एक प्रकरण पोलंड सरकारने नेलेले होते, दुसरे सिगारेट कंपन्यांचे होते आणि तिसरे ई-सिगारेट विकणाऱ्या इंग्लंडमधील एका छोट्या कंपनीचे. तिन्हींचा रोख युरोपीय संघाच्या २०१४ सालच्या तंबाखू निर्देशावर होता आणि तिन्हींत निर्देश टिकला. त्याच दिवशी नवी दिल्लीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तंबाखू उत्पादकांना बजावले की, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापणारा सचित्र इशारा छापण्याचा नियम त्यांना पाळावाच लागेल. उरलेला वाद कर्नाटक उच्च न्यायालयाने ऐकावा. दोन खंडांतील दोन न्यायालयांनी एकाच दिवशी एकाच उद्योगाला जवळजवळ एकच गोष्ट सांगितली: विकायचे असेल, तर वेष्टनावर काय लिहायचे हे आम्ही ठरवू.

सिगारेटच्या बाबतीत भारत त्या दिवशी युरोपच्या पुढे होता. युरोपने पाकिटाचा ६५ टक्के भाग इशाऱ्यासाठी राखला होता, आपण ८५. ई-सिगारेटच्या बाबतीत मात्र तीन वर्षांनी आपण वेगळा रस्ता धरला. युरोप वेष्टनाचे नियम आणखी बारीक करत गेला. आपण वस्तूच बेकायदा ठरवली. या दोन रस्त्यांचा हिशेब मांडण्यासाठी कोलकात्यासारखे दुसरे शहर नाही, असे मला वाटते. या शहरातील चौरंगी रस्त्यावर, ज्याचे अधिकृत नाव आता जवाहरलाल नेहरू मार्ग आहे, ‘व्हर्जिनिया हाऊस’ ही इमारत उभी आहे. १९१० साली ‘इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया’ म्हणून नोंदलेल्या आणि आज आयटीसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचे ते मुख्यालय. तंबाखूच्या एका जातीचे नाव इमारतीला देण्याइतका त्या काळी या धंद्याला स्वतःविषयी अभिमान होता.

प्रथम युरोपचा नियम नेमका काय आहे ते पाहू, कारण आपल्याकडच्या चर्चेत ‘तिकडे परवानगी आहे’ एवढ्याच वाक्यावर विषय संपतो. परवानगी आहे खरी, पण ती अटींनी जखडलेली आहे. २०१४ च्या निर्देशाचे विसावे कलम ई-सिगारेटविषयी आहे. द्रवातील निकोटिनचे प्रमाण मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. पुन्हा भरण्यासाठीची बाटली १० मिलिलिटरहून मोठी नसावी. उपकरणातील टाकी किंवा एकदाच वापरायचे उपकरण २ मिलिलिटरहून मोठे नसावे. म्हणजे एका बाटलीत जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम निकोटिन. हा आकडा लहान मुलाच्या हाती बाटली लागली तर काय होईल, या प्रश्नाशी जोडलेला आहे. म्हणूनच झाकण मुलांना उघडता न येणारे हवे, आधी कोणी उघडले असल्यास कळून येणारे हवे, बाटली सहज फुटणारी किंवा गळणारी नको. २० मिलिग्रॅमच्या मर्यादेमागचा तर्कही निर्देशाच्या प्रस्तावनेत दिला आहे: साधी सिगारेट ओढायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात तिच्याइतकेच निकोटिन या प्रमाणातून मिळते. इंग्लंडमधील कंपनीने यालाच आव्हान दिले होते. ई-सिगारेट ही गुणधर्मांनी तंबाखूहून निराळी वस्तू असल्याने तिच्यासाठी निराळे नियम करण्यात गैर काही नाही, आणि धोका पूर्ण सिद्ध होण्याआधी खबरदारी घेण्याचा कायदेकर्त्यांना अधिकार आहे, असे न्यायालयाने म्हटले.

मग वेष्टन. दोन्ही मोठ्या बाजूंच्या ३० टक्के भागावर ठरलेल्या शब्दांत इशारा: या उत्पादनात निकोटिन असून तो अत्यंत व्यसनकारी पदार्थ आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने. निकोटिनचे प्रमाण आणि एका झुरक्यामागे किती मिळते तो आकडा. उत्पादन-गट क्रमांक. मुलांपासून दूर ठेवण्याची सूचना. आत माहितीपत्रक, त्यात वापर कसा करावा, कोणी करू नये, विषारीपणा आणि व्यसनाधीनता यांविषयी माहिती, तक्रार कोठे करावी त्याचा पत्ता. ‘नैसर्गिक’ किंवा ‘तजेला देणारे’ अशी विशेषणे निषिद्ध. द्रवात जीवनसत्त्वे, कॅफीन यांसारखी आरोग्याचा किंवा उत्साहाचा आभास देणारी द्रव्ये निषिद्ध. शिवाय रसायनांच्या वर्गीकरणाचा युरोपचा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार ठरावीक प्रमाणावरील निकोटिनच्या बाटलीवर दृष्टिहीन माणसाला बोटांनी जाणवेल असा उठावदार त्रिकोण लागतो. आणि या सगळ्याच्या आधी, माल बाजारात आणण्यापूर्वी सहा महिने, उत्पादकाने घटक, विषशास्त्रीय माहिती व उत्सर्जनाचे तपशील शासनाकडे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नोंदवायचे. पुढे दरवर्षी विक्रीचे आकडे द्यायचे.

यातला एक बारकावा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. याच निर्देशाने साध्या सिगारेटच्या पाकिटावर टार आणि निकोटिनचे आकडे छापण्यास मनाई केली, कारण कमी आकडा पाहून ग्राहक ती सिगारेट सौम्य समजतो आणि फसतो. ई-सिगारेटच्या बाटलीवर मात्र निकोटिनचा आकडा छापणे सक्तीचे केले, कारण तेथे प्रमाण ठाऊक नसणेच धोकादायक आहे. एकच आकडा एका वेष्टनावर दिशाभूल करतो आणि दुसऱ्यावर जीव वाचवतो, हे ओळखून लिहिलेला हा नियम आहे. उलट आपल्या २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या सातव्या कलमात सिगारेटवरील टार-निकोटिनचे आकडे व त्यांच्या कमाल मर्यादा छापण्याची तरतूद आहे. ती कागदावरच राहिली. योगायोगाने ते बरेच झाले, पण त्यामागे विचार होता असा दावा कोणी करू नये.

युरोपचे चित्र निर्मळ आहे असे मुळीच नाही. हा निर्देश तयार होत असताना, ऑक्टोबर २०१२ मध्ये, युरोपीय आयोगाचे आरोग्य आयुक्त जॉन डाल्ली यांना पद सोडावे लागले. ‘स्नस’ या ओठाखाली ठेवायच्या तंबाखूवरील बंदी उठवण्यासाठी त्यांच्या परिचितामार्फत पैशांची मागणी झाल्याचा आरोप होता. त्यांनी तो नाकारला. नियम अमलात आल्यानंतर एकदाच वापरून फेकायच्या रंगीबेरंगी उपकरणांचा पूर आला आणि शाळकरी मुलांनी ती उचलली. अखेर बेल्जियमने १ जानेवारी २०२५ पासून, पाठोपाठ फ्रान्सने आणि जूनमध्ये ब्रिटनने अशा उपकरणांवर बंदी घातली. म्हणजे युरोपलाही बंदीचे वावडे नाही. फरक इतकाच की तेथे बंदी हा मोजमापानंतर घेतलेला निर्णय होता.

आता आपल्याकडे वळू. सिगारेटच्या पाकिटावर आपल्याकडे पहिला वैधानिक इशारा १९७५ च्या कायद्याने आला. विडी आणि चघळायची तंबाखू त्यातून सुटली होती. सचित्र इशारे ३१ मे २००९ पासून सुरू झाले, तेही पुढच्या बाजूच्या ४० टक्के भागापुरते. ऑक्टोबर २०१४ मध्ये हे प्रमाण ८५ टक्के करण्याचा नियम प्रसिद्ध झाला. १ एप्रिल २०१५ पासून तो लागू व्हायचा होता. त्याआधी काही दिवस लोकसभेच्या दुय्यम विधिविधान समितीने अंमलबजावणी थांबवावी अशी शिफारस केली. समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणारी सगळी संशोधने परदेशी आहेत, भारतात असा अभ्यास झालेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. समितीचे एक सदस्य, अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता, स्वतः विडी उद्योजक होते.

दिलीप गांधी आज हयात नाहीत, तेव्हा हेतूंची चर्चा नको. पण त्या विधानातील तथ्याची चर्चा करायलाच हवी, आणि ती मराठी वाचकाच्या अधिक जवळची आहे. १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये संघवी, राव आणि खानोलकर या तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला. धूम्रपान व तंबाखू चघळणे यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध हाच त्याचा विषय होता आणि तो मुंबईत, टाटा रुग्णालयाच्या परिसरात झालेल्या अभ्यासावर आधारलेला होता. यातील खानोलकर म्हणजे भारतीय विकृतिशास्त्राचे अध्वर्यू डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतात अभ्यास नाही, असे संसदीय समितीचा अध्यक्ष म्हणत असताना त्या अभ्यासाला साठ वर्षे होत आली होती आणि तो त्यांच्याच राज्याच्या राजधानीत झाला होता. त्याच सुमारास, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे तोंडाच्या कर्करोगाने निधन झालेले होते. १ एप्रिल २०१५ रोजी, ज्या दिवशी नियम लागू व्हायचा होता त्याच दिवशी, सरकारच्या तंबाखूविरोधी जाहिरातीतील चेहरा असलेली मध्य प्रदेशातील सुनीता तोमर वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेली.

नियम वर्षभर लांबला. १ एप्रिल २०१६ रोजी तो लागू झाला तेव्हा आयटीसीसह मोठ्या उत्पादकांनी सिगारेटचे कारखाने काही काळ बंद ठेवले. मग ४ मेचा तो आदेश आला. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१४ चे नियम रद्द केले आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. पाकिटावरच्या चित्राची ही लढाई इतकी चिवट का झाली, याचे उत्तर साधे आहे. जाहिरातीवर बंदी असलेल्या धंद्यात पाकीट हीच शेवटची जाहिरात उरते.

एवढी लढाई जिंकल्यावर ई-सिगारेटच्या बाबतीत आपण वेष्टनाच्या वाटेला गेलोच नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने अध्यादेश मंजूर केला. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात, सगळ्यांवर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वतः ओढण्याला मात्र शिक्षा नाही. आयातदार अध्यादेशाविरुद्ध कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने बंदीला स्थगिती देण्यास नकार दिला.

त्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतून येणाऱ्या बातम्या भयावह होत्या. तेथे वेपिंगमुळे फुप्फुसे निकामी झालेल्या रुग्णांची संख्या फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ वर आणि मृत्यूंची ६८ वर गेली. पुढील तपासात दोष प्रामुख्याने गांजातील द्रव्य असलेल्या द्रवात मिसळलेल्या एका घटकाकडे, जीवनसत्त्व ई ॲसिटेटकडे, गेला. युरोपने जीवनसत्त्वे मिसळण्यास आधीच मनाई केली होती, हे येथे लक्षात घ्यावे. त्या मनाईचा उद्देश वेगळा होता, पण नियम जागेवर होता. आपल्या मंत्रिमंडळापुढे मात्र निर्णय तातडीचा होता आणि देशात त्या वेळी ई-सिगारेटची बाजारपेठ नगण्य होती. दुसऱ्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार २०१६-१७ मध्ये भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. चघळणारे २१.४ टक्के, विडी ओढणारे ७.७ टक्के, सिगारेट ओढणारे ४ टक्के. पश्चिम बंगालचा एकूण आकडा ३३.५ टक्के, महाराष्ट्राचा २६.६. या डोंगरात आणखी एका व्यसनाची भर नको, हा युक्तिवाद मला तेव्हाही पटला होता आणि आजही त्यात तथ्य दिसते.

बंदीच्या बाजूचा आणखी एक युक्तिवाद आहे. तो कोणी जाहीरपणे करत नाही, पण प्रशासनात असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. सेवेतील काही वर्षे माझ्याकडे वजने-मापे आणि वेष्टित वस्तूंच्या नियमांचे काम होते. वेष्टनावर काय छापले आहे हे पाहण्यासाठी निरीक्षक लागतो. छापलेले खरे आहे का हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागते. निरीक्षक एका तालुक्याला एकही पुरा मिळत नाही. तो तेलाच्या पिशवीचे वजन, पेट्रोल पंपाचे माप आणि सोनाराचा तराजू यांतून वर डोके काढील तेव्हा दोन मिलिलिटरच्या टाकीकडे पाहील. ज्या शासनाला मोजता येत नाही त्याने मर्यादा घालण्यापेक्षा मनाई करावी, कारण मनाई ओळखायला मोजपट्टी लागत नाही, असे हे तर्कशास्त्र आहे. ते कमकुवत नाही.

पण मग बंदीनंतर काय झाले तेही पाहायला हवे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला राज्यांना लिहावे लागले की ही उपकरणे अजूनही सहज मिळत आहेत. मे महिन्यात सार्वजनिक सूचना काढावी लागली. तक्रारींसाठी स्वतंत्र संकेतस्थळ उघडावे लागले. जुलैमध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना नोटिसा गेल्या. मनाई ओळखायला मोजपट्टी लागत नसेल, पण माणूस लागतोच. आणि चोरून येणाऱ्या मालावर काय असते? त्यावर भारतीय इशारा असण्याचा प्रश्नच नाही. निकोटिन किती, हे विकणाऱ्याला ठाऊक नाही, विकत घेणाऱ्यालाही नाही. युरोपातील मुलाच्या हाती बाटली लागली, तर त्याच्या डॉक्टरला निदान बाटलीवरचा आकडा वाचता येतो. आपल्या डॉक्टरकडे अंदाज असतो.

येथे व्हर्जिनिया हाऊसकडे परत यावे लागते. आयटीसीने २०१४ मध्ये ‘ईऑन’ नावाची ई-सिगारेट बाजारात आणली होती. बंदीनंतर तो विषय संपला. परंतु याच कंपनीच्या आयटीसी इंडिव्हिजन या उपकंपनीने म्हैसूरजवळ निकोटिन आणि निकोटिनपासून तयार होणाऱ्या पदार्थांचा निर्यातप्रधान कारखाना उभारला आहे. कंपनीच्याच शब्दांचा आशय सांगायचा तर त्याची गुणवत्ता अमेरिकी व युरोपीय औषधकोशांच्या मानकांना उतरणारी आहे. यात बेकायदा काही नाही. २०१९ चा कायदा उपकरण आणि त्याच्या भागांविषयी आहे. शुद्ध निकोटिन औषधी च्युइंगगम व पट्ट्यांतही वापरले जाते. युरोपीय निर्देशाने द्रवात अत्यंत शुद्ध घटकच वापरण्याची अट घातल्याने अशा शुद्ध निकोटिनला तेथे बाजार आहे. त्या मालाच्या प्रत्येक गटामागे प्रमाणपत्र असते, क्रमांक असतो, अशुद्धतेचे मोजमाप असते. थोडक्यात, निकोटिन कसे मोजावे, कसे बंद करावे, त्यावर काय लिहावे, हे ज्ञान या देशात आहे. ते आयात करावे लागणार नाही. ते आपण निर्यातीसाठी रोज वापरतो.

अशी विभागणी आपल्याकडे नवी नाही. निकोटिन सल्फेट या कीटकनाशकाच्या वापरावर भारतात बंदी आहे. निर्यातीसाठी ते बनवण्यास परवानगी आहे. आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला कोलकात्याच्याच आणखी जुन्या धंद्याची आठवण होते. ईस्ट इंडिया कंपनी पाटणा आणि गाझीपूर येथे अफू तयार करवून घेई आणि कोलकात्यात तिचा जाहीर लिलाव करी. एका पेटीत चाळीस गोळे, प्रत्येक गोळा अफूच्याच फुलांच्या पाकळ्यांच्या थरांत गुंडाळलेला, पेटीवर कंपनीची निशाणी. चीनमध्ये आयातीला बंदी होती, पण तेथील खरेदीदार त्या निशाणीवर विश्वास ठेवून माल घेई. लिलावाचा हातोडा पडला की कंपनीचा संबंध संपे. पुढची जहाजे खासगी व्यापाऱ्यांची. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई, तेव्हा मुंबईकरांनी या कथेत केवळ श्रोत्याची भूमिका घेऊ नये. आजच्या निकोटिन निर्यातीची त्या पापाशी तुलना करणे अन्यायाचे होईल. ग्राहक देशाने आज दार स्वतः उघडले आहे, अटी त्याने लिहिल्या आहेत. साम्य एवढेच की सर्वांत काटेकोर मोजमाप त्या वेळीही बाहेर जाणाऱ्या पेटीचे होत होते. गाझीपूरचा १८२० सालचा कारखाना आजही सरकारी अफू व अल्कलॉइड कारखाना म्हणून चालू आहे.

सरकारच्या भूमिकेतील आणखी एक गाठ सांगितली पाहिजे. आयटीसीचे सुमारे १५ टक्के भाग आयुर्विमा महामंडळाकडे आणि जवळजवळ ८ टक्के सरकारच्या विशेष उपक्रमाकडे, म्हणजे जुन्या युनिट ट्रस्टच्या वारसाकडे आहेत. या गुंतवणुकीविरुद्ध २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. ई-सिगारेटवरील बंदी सिगारेट धंदा वाचवण्यासाठीच आणली, असा आरोप टीकाकार तेव्हापासून करत आले आहेत. त्याला पुरावा मला दिसलेला नाही. पण ज्याच्या हातात भागपत्रे आहेत त्याने निर्णयाची कारणे इतरांपेक्षा अधिक तपशिलाने मांडायला हवीत, आणि ती मांडली गेली नाहीत.

वेष्टनावर माझी श्रद्धा आंधळी नाही. कोलकात्यातील कोणत्याही पान-विडीच्या दुकानापाशी काथ्याची दोरी धुमसत टांगलेली असते. गिऱ्हाईक येते, एक सिगारेट मागते, दोरीला लावून पेटवते आणि चालू लागते. पाकीट दुकानदाराच्या फळीवरच राहते, ८५ टक्के चित्रासह. सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून मिळवलेला तो इशारा दिवसभरात एकच माणूस पाहतो, दुकानदार. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट व विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली, ती याच कारणासाठी. निर्णय योग्यच होता. त्याची अंमलबजावणी किती झाली हे वाचकांनी आपापल्या नाक्यावरच्या टपरीवर पाहावे. मुर्शिदाबादची विडी असो वा सिन्नरची, तिच्या निमुळत्या कट्ट्यावरच्या सुरकुतलेल्या कागदावर ते चित्र कितपत ओळखू येते, हा आणखी वेगळा प्रश्न. तेव्हा ई-सिगारेट उद्या कायदेशीर करून तिच्यावर युरोपसारखा इशारा छापला की काम झाले, असे सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या बाजारात सिगारेट सुटी विकली जाते, तेथे द्रवही सुटाच विकला जाईल, दहा मिलिलिटरची बाटली फोडून.

माझे म्हणणे मर्यादित आहे. बंदी ठेवायची तर ठेवावी, पण बंदी घातलेल्या वस्तूविषयी माहिती मिळवण्याची जबाबदारी त्या बंदीने संपत नाही. युरोपीय निर्देशाच्या अखेरीस एक कलम आहे: अंमलबजावणीनंतर पाच वर्षांत आयोगाने अहवाल द्यावा, काय साधले, काय निसटले. तो मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या २०१९ च्या कायद्यात असे पुनर्विलोकनाचे कलम नाही. संसद ते घालू शकते. त्यासाठी एक छोटी दुरुस्ती पुरे. दुसरे, जप्त होणारा माल. तो पोलिसांच्या किंवा सीमाशुल्काच्या गोदामात जातो आणि न्यायालयाच्या आदेशाने नष्ट होतो. नष्ट होण्याआधी प्रत्येक जप्तीतील काही नमुने तपासावेत: निकोटिन किती, झाकण कसे, धातूंचे अंश आहेत का, जीवनसत्त्व ई ॲसिटेट आहे का. निष्कर्ष दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावेत आणि जिल्हा रुग्णालयांना कळवावेत. बंदी किती भेदली गेली आहे आणि कोणत्या मालाने, हे त्यातून कळेल. पालकांना आणि डॉक्टरांना तेच तर हवे आहे.

तंबाखू तपासणीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा नोएडा, मुंबई आणि गुवाहाटी येथे आहेत. पूर्व भारतातील जप्त माल गुवाहाटीला पाठवण्याचीही गरज नाही. कोलकात्यात किड स्ट्रीटवर केंद्रीय औषधी प्रयोगशाळा आहे, देशातील औषधांच्या वैधानिक तपासणीचे सर्वांत जुने केंद्रस्थान. निकोटिनचे मोजमाप तिच्या आवाक्याबाहेरचे नाही. आरोग्य मंत्रालयाचा एक आदेश आणि उपभोग्य रसायनांसाठी थोडीशी तरतूद, इतकेच लागेल. किड स्ट्रीट चौरंगीला जेथे मिळते, तेथून व्हर्जिनिया हाऊस चालत जाण्याच्या अंतरावर आहे.